मामांच्या तोट्याची जोड

काजवाल्या मावशींनी केलेलं काज पाहिलं की गिऱ्हाईक बटण लावायचं विसरून त्यावर नुसतं बोट फिरवत राही. कपडा मशीनवर शिवला तरी काजं त्या हातानेच करत, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. दाराशी आरसा, मागे कपाट, मधोमध काळं शिलाई मशीन. ते ज्या कारखान्यात घडलं, तिथेच त्यांचे यजमान जन्मभर फिटर होते.

यजमान गेले आणि वर्षभरात खोलीचा मालक खोली विकायला निघाला. पहिल्यांदा त्याने मावशींनाच विचारलं, पण वर्षअखेरीच्या आत काय ते सांगा म्हणाला. यजमानांच्या मागे राहिलेले शेअर विकले तरच जमणार होतं.

नणंदेचा मुलगा हिशेबनीस. तो येऊन स्टुलावर बसला.

"मामी, औषध कंपनीचे शेअर चांगलेच वाढलेत. पण एकटे तेच विकलेत तर नफ्यावर कर जाईल आणि खोलीला पैसे कमी पडतील. मामांच्या कारखान्याचेही याच वर्षात विकून टाका. त्यांचा तोटा नफ्यातून वजा होतो. कर फक्त उरलेल्यावर."

"औषधवाले तुझ्या आईने गळ्यात मारले होते, ते खुशाल वीक. कारखान्याचे नाही."

"रद्दीच्या भावात आलेत ते."

"असू दे. तुझ्या घरात ठेवते आहे का मी रद्दी?"

त्यालाही सगळं ठाऊक होतं. मामा बोनसच्या पैशांतून कारखान्याचे शेअर घेत. भाव पडला की म्हणत, "अजून मशीनं चालताहेत ना?" आणि आणखी घेत. नणंद जेवताना चिडवायची, "मालक, पाणी वाढू का?" सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते स्वतः मामाच.

भाच्याने मशीनखालची एक कतरण उचलली. "बाहीला कापड कमी पडलं तर काय करता, मामी?"

"काखेत जोड लावते."

"कशाची?"

"उरलेल्या..." मावशी थांबल्या. "आईवर गेलास अगदी. जा आता, मला काम आहे."

पुढे कितीतरी दिवस त्यांनी विषय काढला नाही. मशीनला तेल मात्र रोज घातलं, नको तितकं. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा डाग पडला. तो धुता धुता त्यांना रडू आलं. वर्ष संपत आलं, तेव्हा त्यांनीच भाच्याला बोलावून घेतलं.

त्याने फोनवर औषधवाले विकले, मग कारखान्याचे काढून फोन त्यांच्यापुढे धरला. मावशींचं बोट वरच्यावर थबकलं.

"हे घेणार कोण पण?"

"घेणारा असल्याशिवाय विकलेच जात नाहीत. पलीकडे कुणीतरी आहे."

"कोण?"

"ते कळत नाही. पण वाढतील असं वाटत असणार त्याला."

"म्हणजे ह्यांच्यासारखाच खुळा." मावशींना हसू फुटलं. "त्याला घरचे फार हसू नयेत, एवढंच."

त्यांनी बोटातली शिवणाची टोपी काढली आणि बटण दाबलं.

खोली मावशींच्या नावावर झाली. कराचा आकडा दाखवून भाचा म्हणाला, "मामी, एवढा वाचला तो मामांच्या तोट्यामुळे."

नणंद मुद्दाम खोली बघायला आली. आरशापासून कपाटापर्यंत फिरली, मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, जन्मभर चिडवलं गं त्याला."

"त्यांना आवडायचं ते, वन्सं."

नणंद स्टुलावर टेकली. तिने खोलीलाच विचारावं तसं विचारलं, "मालक, पाणी मिळेल का?"

मावशींनी पेला भरून तिच्या हातात दिला.