डॅमेज

शिरोली एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यावर येणारा तो फौंड्री कामगार मला खटकायचा. चहा घेण्याआधी तो रिकामा कप नखानं वाजवून कानाशी धरायचा. फौंड्रीत तडा गेलेली ओतीव कास्टिंगं हातोडीच्या आवाजावरनं ओळखणं हेच त्याचं काम. सगळ्याला त्याचा एकच शब्द: कप डॅमेज, रस्ता डॅमेज, स्वतःचा गुडघाही डॅमेज. हा आपल्यालाही जोखतोय, असं वाटून मी लांब बसायचो.

एकदा त्यानंच विचारलं, "काय पावणं, घरात समदं बरं हाय न्हवं?"

बायको भांडून माहेरी गेल्याला महिना झाला होता.

"बरं आहे की," मी म्हणालो.

कप ऐकताना करायचा तशी त्यानं मान तिरकी केली. आता तो शब्द येणार, म्हणून मी खाली बघत राहिलो.

त्यानं आपला चहा माझ्यापुढं सरकवला.