वैद्य मॅडमच्या नावाशेजारी

आमच्या खोलीत दोनच गोष्टी साठतात, वाळलेली ऑर्किडं आणि किस्से. ऑर्किडांना निदान लोखंडी कपाटं आहेत, नंबर आहेत, डांबराच्या गोळ्या आहेत. किस्से मात्र माझ्याच डोक्यात कोंबलेले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये कुणी चहाला आलं की मी सुरू होते आणि नवरा हळूच बाल्कनीत निघून जातो. त्याचे ऐकून झालेत!

आधी खोली सांगते. दिल्लीतल्या एका सरकारी इमारतीत वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, त्यातली ऑर्किडांची खोली आमची. माणसं तीन. वैद्य मॅडम, मूळच्या नागपूरच्या, आमच्या प्रमुख. रावतजी, झाडं कागदावर चिकटवणारे, गढवालचे. आणि मी, सांगलीची. कुणी ऑर्किड पाठवलं की त्याचं फूल उघडून, पाकळ्या, ओठ म्हणजे पुढची मोठी पाकळी, आतले परागाचे पिवळे गोळे सगळं भिंगाखाली बघून जात ठरवायची, हे काम. पानांवरून जात सांगणाऱ्याला मॅडम ज्योतिषी म्हणतात.

जात ठरली की कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी लागते. झाडाचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख. पुढे कुणाला चूक सापडली तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवी तिच्या शेजारी चिकटवायची. म्हणजे तुमची चूक कपाटात कायमची, नावानिशी! मॅडमच्या चिठ्ठीशेजारी कधीच कुणाची चिठ्ठी लागली नव्हती. आणि माझं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं. नऊ वर्षं फुलं मी उघडायची, मोजायची, लिहायची आणि नाव मॅडमचं. तक्रार नव्हती, पण एकदा तरी आपलं नाव त्या कोपऱ्यात लागावं असं फार वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तर, गुरुग्राम.

बाविसाव्या मजल्यावरच्या एका साहेबांनी दुर्मीळ निळं ऑर्किड घेतलं होतं. विकणाऱ्याने थेट जंगलातून आणलंय म्हणून सांगितलेलं. साहेबांना त्यावर सरकारी शिक्कामोर्तब हवं होतं. आम्ही मेट्रो, मग कॅब, मग गेटवर गार्डचं रजिस्टर असं करत पोचलो. येण्याचं कारण या रकान्यात गार्डने स्वतःच लिहिलं, ‘फूल देखने’.

मॅडमनी भिंग काढलं, दांड्यापाशी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या की टोकाची कळी उमलू दे, मग बोलू. साहेब नाराज झाले. एवढ्या लांबून येऊन हे काय सांगितलं, असा चेहरा.

दहा दिवसांनी त्यांचा घाबराघुबरा फोन. नवं फूल पांढरंफेक आलं होतं. “मॅडम, इसका तो रंग चला गया!”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “गया नहीं है, अब जाके आया है. पहले वाला तो किसी ने इंजेक्शन से दिया था.”

यूपीएससीवाली पोरं तर दिल्लीत पावलापावलावर भेटतात. बीडचा समीर शेख त्यातलाच. मुलाखतीच्या फॉर्मात छंद म्हणून ‘ऑर्किड निरीक्षण’ लिहून बसला होता. निरीक्षण काय, तर गावाकडच्या डोंगरावर दोनदा सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, झाडावर लटकलेली बघितली होती! मुलाखतीला चार दिवस उरल्यावर धाबं दणाणलं आणि आमचा पत्ता शोधत आला. म्हणाला, मॅडम, पटकन पन्नास नावं सांगा, पाठ करतो.

मॅडमनी एकही नाव सांगितलं नाही. एक फूल दिलं, भिंग दिलं आणि खिडकीपाशी बसवलं. दुपारी विचारलं, काय दिसलं? त्याने सांगितलं. म्हणाल्या, अजून बघ. चार वाजता पुन्हा तेच. संध्याकाळी बिचारा जाताना मला म्हणाला, “ताई, माझा एक दिवस गेला.”

मुलाखतीत छंद वाचून बोर्डातल्या एकांनी टेबलावरच्या फुलदाणीतल्या ऑर्किडकडे बोट केलं आणि जात विचारली. समीरने जवळून बघायची परवानगी मागितली. उठला, वाकला, फूल नीट निरखलं आणि म्हणाला, “सर, हे कापडाचं आहे.”

पास झाला. पेढे घेऊन आला तेव्हा मॅडमनी पोस्टिंग कुठे वगैरे काही विचारलं नाही. “लांबून नाव ठोकलं असतंस तर मीच तुला नापास केलं असतं,” एवढं मात्र म्हणाल्या आणि दोन पेढे घेतले.

आमच्या लेकीने शाळेत आईच्या नोकरीवर निबंध लिहिला. दिल्लीत वाढलेली पोर, घरात मराठी आणि वहीत हिंदी. वाळलेलं फूल उघडण्याआधी आम्ही ते गरम पाण्यात मऊ करतो, हे तिने कधीतरी बघितलेलं. तिने लिहिलं, ‘मम्मी ऑफिस में सूखे फूल उबालती हैं और इसके उन्हें पैसे मिलते हैं.’ पॅरेंट्स मीटिंगला टीचरने मला बाजूला घेऊन गुडघेदुखीवर काढा विचारला.

एकदा विमानतळावर पकडलेली एक पेटी आली. आत वीस ऑर्किडं, फूल एकालाही नाही. पकडणाऱ्यांचं म्हणणं, ही बंदी असलेली जंगली जात. पेटीवाला डोंगराकडचा म्हातारा नर्सरीवाला. तो हात जोडून सांगत होता की ही झाडं माझ्या बागेत वाढवलेली, साधी संकरित आहेत. त्याचं लायसन्स अडकलं होतं. पानं दोन्हींची सारखीच.

एका अधिकाऱ्याला त्याच दिवशी रिपोर्ट हवा होता. मॅडमनी कागदावर लिहिलं, फूल नाही म्हणून नाव नाही. त्यांचे रोज फोन. रावतजींनी झाडं खिडकीत ठेवली, उन्हाळाभर ओलं पोतं गुंडाळून जगवली. दिल्लीचा मे महिना आणि थंड डोंगरातली झाडं, तुम्हीच विचार करा. मी रावतजींपुढे तेव्हाही मान झुकवली होती आणि आजही झुकवते. थंडीत फुलं आली. साधी संकरितच निघाली.

अधिकारी वैतागले. “इतने महीने रुके और निकला क्या? मामूली!”

“जिसकी पेटी है उससे पूछिए, मामूली है क्या,” मॅडम म्हणाल्या आणि सही केली.

आता शेवटचा, माझ्या मते सगळ्यात भारी.

मॅडमच्या रिटायरमेंटला आठवडा राहिला होता. मी जुन्या कागदांचे फोटो काढत होते. त्यात मॅडमनी नोकरीच्या पहिल्या वर्षात स्वतः गोळा केलेलं एक झाड निघालं. कोपऱ्यात त्यांची चिठ्ठी, डेंड्रोबियम. मला ओठाचा आकार खटकला. कागदावरच्या पुडीत सुटी फुलं होती, त्यातलं एक पाण्यात मऊ करून उघडलं. डेंड्रोबियममध्ये परागाचे गोळे चार असतात. इथे आठ होते. आठ म्हणजे ईरिया, वेगळीच प्रजाती.

तीनदा मोजले. रावतजींना दाखवले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

कागद कपाटात परत ठेवला असता तर पुढची वीस वर्षं कुणी उघडला नसता. ज्या बाईने मला बघायला शिकवलं, तिच्या निष्कलंक नावाला शेवटच्या आठवड्यात मी डाग लावायचा? दोन दिवस तो कागद माझ्या टेबलाच्या खणातच ठेवला. तिसऱ्या दिवशी मॅडमच म्हणाल्या, काय लपवते आहेस? मी कागद पुढे ठेवला.

माझ्या मोजणीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. तसं त्या कुणाच्याच ठेवत नाहीत. दुसरं फूल घेतलं, स्वतः उघडलं, बराच वेळ बघितलं.

“कुणी तपासलं?”

“मी.”

“मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? चिठ्ठी लिही.”

मी लिहिली. झाडाचं नाव, तारीख. आणि ओळखणाऱ्याच्या जागी, नऊ वर्षांच्या सवयीने, वैद्य मॅडमचं नाव! त्यांनी ती चिठ्ठी फाडली, कोरी पुढे केली आणि माझं नाव लिहून होईपर्यंत डोक्यावर उभ्या राहिल्या. गोंद त्यांनीच लावला.

निरोपाच्या समारंभात हॉल भरलेला होता. मोठे साहेब भाषणाला उभे राहिले आणि अभिमानाने म्हणाले की इतक्या वर्षांत मॅडमच्या नावाशेजारी एकही दुसरी चिठ्ठी लागलेली नाही. टाळ्या सुरू झाल्या. मी मान खाली घातली.

मॅडमनी हात वर करून टाळ्या थांबवल्या. “लगी है, सर. परसों ही लगी है.”

मग स्टेजवरून तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवून त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पूर्ण नावाने माझी ओळख करून दिली.