राव सरांनी पोचवलेल्या माफ्या

राव सर आज सकाळी गेले आणि मला आधी उद्याच्या मीटिंगची धडकी भरली.

लाज वाटतेय लिहिताना. पण खरं तेच.

ओळख नसलेल्यांसाठी: चेन्नईतल्या गरिबी कमी करायच्या योजनेचे ते coordinator. एकीकडे सरकारी खाती, दुसरीकडे आमच्यासारख्या संस्था. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. मध्ये हे एकटे, तंजावरचे मराठी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नवीन होते. पुण्याहून आलेली, तमिळ मोडकंतोडकं.

अण्णा नगरच्या मागे एका वस्तीत पाळणाघर मंजूर व्हायचं होतं. तिथली सेल्वी दोन वर्षांच्या लेकीला घरात ठेवून, बाहेरून कुलूप घालून धुण्याभांड्याला जायची. मला त्या कुलपाने झोप लागत नसे.

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये सरकारी साहेबांचा होकार मिळाला नाही, तर पाळणाघर दुसऱ्या वस्तीला जाणार होतं.

आणि घोळ झाला. साहेब गिंडीच्या ऑफिसात वाट बघतायत, आणि बायका वस्तीत दारापुढे कोलमची रांगोळी काढून बसल्यात! सरकारने गृहीत धरलं, लोक ऑफिसातच येतात. आम्ही गृहीत धरलं, वस्तीची मीटिंग वस्तीतच. विचारलं कुणीच नाही.

साहेब म्हणे, "लोकांनाच interest नाही."
बायका म्हणे, "बघितलंत? हे कधीच येत नाहीत."

सरांना फोन लावला तो रडतच.

"रडू नका मा. बायांस बसवून ठेवा. मी साहेबांस घेऊन येतो."

आले. खरंच घेऊन आले. साहेब उतरल्या उतरल्या बायकांना म्हणाले, "नाही नाही, चूक आमचीच." बायका ओशाळल्या, कॉफी पुढे केली.

बोलणं सुरू झालं तेवढ्यात बंद दारामागून सेल्वीची पोर रडायला लागली; सेल्वी कामावर गेली होती. साहेबांनी विचारलं, कोण रडतंय? ते दारापर्यंत गेले, कुलूप बघून परत आले.

पाळणाघर मंजूर झालं.

नंतर कळलं, सरांनी साहेबांना सांगितलं होतं की बायकांनी माफी मागितलीय. आणि बायकांना फोन करून सांगितलं होतं, साहेबांनी मागितलीय.

"सर, माफी तर कुणीच मागितली नव्हती!"

"सेरी मा, असू द्या. मागणारच होते. त्यांस थोडा वेळ लागला असता."

आज त्यांच्या घरी दोन्हीकडची माणसं आली होती. फाटकाच्या एका बाजूला साहेब मंडळी, दुसऱ्या बाजूला सेल्वी आणि वस्तीतल्या बायका. गेले काही महिने पाळणाघरावरूनच बिनसलंय. कुणी कुणाकडे बघेना. उद्या हीच माणसं समोरासमोर बसणार, आणि मध्ये कुणी नाही.

मी साहेबांकडे गेले.

"साहेब, बायका म्हणतायत, तुम्ही आलात, बरं वाटलं."

बायका असं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

साहेबांनी मान वर केली आणि सेल्वीच्या दिशेने हात जोडले.

राव सर, सुखाने जा. आम्ही सगळे तुमच्या ऋणात.