कंप्रेसरवाले काका आणि वेगळं साउंड कार्ड

वेगळ्या साउंड कार्डाशिवाय कॉम्प्युटरवर गेम खेळण्याचा माणसाला अधिकारच नाही, असं मानणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात एकच असेल, आणि तो माझंच गिऱ्हाईक निघाला. आम्ही त्यांना कंप्रेसरवाले काका म्हणतो. रसायनीच्या एका कारखान्यात धडधडणाऱ्या कंप्रेसरच्या खोलीत त्यांनी सगळी नोकरी काढली. आता काकू नाहीत, मुलगी कॅनडात, आणि चौक गावाच्या मागच्या खेड्यात तीन खोल्यांच्या घरात काका एकटे.

जुन्या हायवेवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या गुरुजींनाही काका बाकावर बसवून घेत आणि मदरबोर्डवरचा, म्हणजे कॉम्प्युटरसोबत येणारा, आवाज कसा पातळ, वेगळ्या कार्डाचा कसा भरीव, हे समजावत. एका हळदीत त्यांनी डीजेवाल्याला बाजूला घेऊन, तुझे डावीकडचे स्पीकर बंद आहेत, म्हणून सुनावलं होतं. तो बिचारा दोनदा वायरी तपासून आला. काका खेळायचे बंदुकांचा गेम, पण गोळी सहसा झाडत नसत. “समोरचा काय आपला वैरी हाय?” म्हणत ते गवतात दडून नुसते कानोसा घेत.

हेडफोन लावून खेळायला मदरबोर्डवरचा आवाज भरपूर आहे, कार्डानं फरक पडलाच तर उन्नीस-बीस, असं मी परोपरीनं सांगितलं. ऐकतील तर ते काका कसले! कार्ड बसवलं. पंधरा दिवसांनी तक्रार आली, डावीकडचा आवाज दबतो. मग दुसरं कार्ड, मग नवा हेडफोन. तक्रार तीच. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो.

तिथे कळलं, की रविवारी सकाळी मुलगी तिकडून ऑनलाइन येते आणि बापलेक एका टीममध्ये खेळतात. फोनवर ‘जेवलात का’च्या पुढे दोघांची गाडी जात नाही, खेळताना मात्र ती तासभर घरात असल्यासारखी बोलते.

“ती म्हणते, बाबा, डावीकडनं पाय वाजतायत. मला वाजतच नाय रं,” काका म्हणाले. “दरखेपेला मीच आधी मरतो. कंटाळंल ती.”

मी हेडफोन उलटा करून त्यांच्या कानांवर चढवला. दोष मशीनचा असता, तर आता उजवीकडचा आवाज दबायला हवा होता. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि डाव्या कानाची पाळी चोळत म्हणाले, “म्हंजे कार्ड चांगलंच हाय.”

त्यानंतर कार्डाविरुद्ध मी एक अक्षर काढलेलं नाही.

पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं. या कानाला आता यंत्राचाही फारसा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतताना काकांना एकच घोर, पोरीला सांगायचं कसं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावले होते. खेळ सुरू झाला, काका गवतात दडले आणि एकदम म्हणाले, “माझा डावा कान गेलाय गं. माझी डावी बाजू तू बघ.”

पडद्यावर तिचा गडी अख्खं मैदान ओलांडून परत आला आणि काकांच्या डावीकडे गवतात बसला. दोघांनी एकही गोळी झाडली नाही.

तासाभरानं ती गेली. काका पडद्याकडे बघत बसून राहिले. मी निघतो म्हणालो, पुन्हा एकदा म्हणालो. मी त्यांच्या डावीकडे उभा होतो.