मुलुंडचं संथ जठर

वैद्यकीय संशोधनाचा पाया सत्य हाच असतो. आमच्या संशोधनाचा पाया एक वही होती, आणि ती वॉर्डातल्या मावशींच्या ताब्यात होती.

मुलुंडच्या एका मध्यम आकाराच्या इस्पितळात मी भूलतज्ज्ञ आहे. भूल देताना पोट रिकामं लागतं, नाहीतर बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि माणूस दगावू शकतो. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र आम्ही खाण्यातच धरतो; तो सहा तास आधी बंद. जठर प्रत्यक्षात किती वेळात रिकामं होतं हे पाहायला मी दोन वर्षं रोज सकाळी पेशंटना उजव्या कुशीवर वळवून सोनोग्राफी केली. शेवटचं कधी काय घेतलं ते मावशी विचारून वहीत लिहीत.

निकाल थक्क करणारा होता. रात्री दहाला जेवलेल्यांच्या पोटात सकाळी नऊलाही द्रव दिसत होता. पुस्तकांत असं काही नव्हतं. पुस्तकात नसलेलं काही सापडलं की आमच्या विभागप्रमुख सरांच्या आवाजाला खर्ज येतो.

"आपल्या उपनगरातल्या माणसाचं जठर मुळातच संथ आहे," ते म्हणाले. भात, बैठी नोकरी, अपुरी झोप अशी कारणंही त्यांना लगेच सुचली. मी मान डोलावली. दोन वर्षं फुकट गेली नाहीत म्हटल्यावर माणूस कशालाही मान डोलावतो. परिषदेत पोस्टर लावायचं ठरलं. त्यावर पहिलं नाव माझं.

परिषदेच्या आठवड्यात एकदा मी सातलाच वॉर्डात पोचले. मावशी थर्मास घेऊन खाटांमधून फिरत होत्या. हर्नियाच्या आजोबांच्या हातात चहाचा पेला होता.

"सावकाश घ्या. मॅडमनी विचारलं तर काय सांगायचं?"

"रात्री दहा," आजोबा पाढा म्हणावा तसे म्हणाले.

"मावशी, हे काय?"

त्यांनी थर्मासचं झाकण नीट लावलं. "चाय आहे मॅडम. खायला कुठे काय दिलंय?"

"कधीपासून चाललंय?"

"तुमच्या वहीच्या आधीपासनं. तुम्ही आठचा टाइम देता, सर्जन उगवतात बाराला. मागे एका म्हाताऱ्याक उपाशीपोटी चक्कर इली, तेव्हा कोण होतं हितं? मी होते."

"अहो, जीव जाईल कुणाचा तरी!"

"म्हणून तर तुम्ही पोटाचा फोटो काढता ना? भरलेलं दिसलं की थांबता. मला काय माहीत नाय?"

या बाई दोन वर्षं माझ्यासाठी कांदेपोहे झाकून ठेवत होत्या. मी वही घेतली आणि खुर्चीत बसून चाळली. पानोपानी रात्री दहा. दोन वर्षांत मुलुंडमधला एकही माणूस साडेनऊला जेवला नव्हता, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

थर्मास मी बंद केला. पाणी द्यायची परवानगी भिंतीवर लेखी लावली. तीही आधीच लावायला हवी होती. मग सरांकडे गेले.

"सर, पोस्टर मागे घेऊया. सगळ्या वेळा खोट्या आहेत. मावशी रोज सकाळी चहा देत होत्या, त्यांनीच सांगितलं."

"अगं, छापून झालंय."

"पण ते खरं नाहीये."

"पोटात द्रव होता ना? तुला दिसला ना? झालं तर. सोनोग्राफी सोडून तू वॉर्डातल्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवणार?"

त्याच बाईचा शब्द दोन वर्षं वहीत लिहिला जात होता, तेव्हा सरांना तो चालला होता. मावशींवर मी आठवडाभर चिडले. सरांवर अजून चिडलेली आहे. मावशींच्या खोटेपणातून निदान कुणाला तरी चहा मिळाला होता. सरांनीच मला पहिल्यांदा भूल द्यायला शिकवलं होतं, आणि पेशंट खोटं बोलतो हे गृहीत धर, असंही त्यांनीच सांगितलं होतं.

"मग माझं नाव काढा," मी म्हटलं.

त्यांनी ते काढलं. पुन्हा छापायला वेळ नव्हता, म्हणून नावावर पांढरी पट्टी चिकटवली. परिषदेत पोस्टरला तिसरं बक्षीस मिळालं. एकूण पोस्टरं तीन होती.