साहेबांचा कोट धरणारा

माझं शिवणकामाचं दुकान आहे. नवे कपडेही शिवते, पण खरा धंदा दुरुस्तीचा: पँट आखूड कर, बाही सैल कर, चेन बदल. माझं एक गिऱ्हाईक असं आहे की त्याचे कोट नेहमी एकाच जागी फाटून येतात. पाठीमागे, कमरेखाली, जिथे कोटाला चीर असते तिथे, तेही अस्तरासकट. हे गिऱ्हाईक म्हणजे आमच्या शहरातल्या पगारी बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक. आजवर चार साहेब झाले. प्रत्येकाचं माप वेगळं, कापड वेगळं, पण फाटायची जागा तीच, कारण फाडणारा हात एकच. तो माझ्या धाकट्या भावाचा.

त्याचं असं आहे. बास्केटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला बाकासमोर उभं राहायला जागा आखून दिलेली असते. रेषा ओलांडून तो पंचांच्या अंगावर गेला की टेक्निकल फाउल, म्हणजे समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, कुणी न अडवता एका गुणासाठी चेंडू टाकायची संधी, फुकट. दुसऱ्यांदा तेच केलं तर साहेब स्टेडियमच्या बाहेर. आणि मुख्य प्रशिक्षक नावाचा प्राणी शांत डोक्याचा असलेला मी तरी पाहिला नाही. म्हणून शेजारी खुर्चीवर बसलेला साहाय्यक एक हात कायम साहेबांच्या कोटाच्या टोकापाशी ठेवतो. साहेब सुटले की ओढायचं. साहाय्यकाला बाकीही शंभर कामं असतात, पण आमच्या बंधुराजांची ख्याती या कामात झाली. खेळाडू त्याला ‘ब्रेक’ म्हणायला लागले. मग वर्तमानपत्रवाले म्हणायला लागले. आता आमची भावजयसुद्धा म्हणते.

स्वभावच तसा. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. लहानपणी आमचं भांडण झालं की मी भांडायचे आणि तो ऐकायचा. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, आमच्या घरी वाजायची. याच संघात तो खेळाडू म्हणून आला तेव्हा मैदानापेक्षा बाकावर जास्त बसला, आणि बाकावर इतका चांगला बसतो म्हणून की काय, त्याला तिथेच नोकरी दिली, असं मी त्याला चिडवते. तो हसतो. कुणी काहीही बोललं तरी तो हसतोच, आणि मला त्याचा राग येतो.

या मोसमानंतर चौथे साहेब दुसऱ्या शहरात गेले. नवा साहेब येणार, म्हणजे तो आपली माणसं घेऊन येणार. या धंद्याची रीतच ती. तीनदा भाऊ कसाबसा टिकला होता. या वेळी मालकांनी स्वतःच त्याला बोलावून सांगितलं, “जागा एकच आहे. झालास तर मुख्य प्रशिक्षक, नाहीतर मग पुढचं तुझं तू बघ.” पन्नाशी ओलांडलेला माणूस, दोन मुली शिकतायत, आणि दुसरं कुठलंच काम त्याला येत नाही.

संघाच्या मालकांचा गाद्यांचा कारखाना आहे. ‘गादीवर कोण बसणार’ हा विनोद त्या महिन्यात शहरातल्या प्रत्येकाने केला, त्यामुळे मी करत नाही. उमेदवार तिघे. पहिला नेमबाज. हा आमच्याच संघाचा जुना खेळाडू, लांबून चेंडू टाकावा तर यानेच. देखणा, लाडका आणि महा तापट. दुसरे आकडेवाले. बाहेरगावचे, हातात कायम टॅबलेट, कुठला खेळाडू कुठल्या कोपऱ्यातून किती वेळा चुकतो हे त्यांना तोंडपाठ. आणि तिसरा आमचा ब्रेक.

मालकांनी मुलाखती घेतल्या नाहीत. तिघांनाही एकेका रविवारी सरावाचा सामना चालवायला दिला. लोक म्हणाले, असं कुठे असतं का! पण जन्मभर ‘झोपून बघा आणि मगच घ्या’ असं गिऱ्हाइकांना सांगत आलेला माणूस आणखी काय करणार?

गंमत अशी, की पहिल्या दोन सामन्यांत साहाय्यकाच्या खुर्चीत माझा भाऊच. नोकरी अजून चालू होती ना. म्हणजे ज्याला हरवायचं त्याचाच कोट सांभाळायचा.

नेमबाजाने सुरुवातीलाच एक टेक्निकल फाउल घेतला. शेवटी शेवटी सामना अटीतटीचा झाला, पंचांनी शिट्टी फुंकली आणि हा वाघासारखा उठला. आणखी एक पाऊल, की गडी बाहेर. उमेदवारीही गेल्यातच जमा. घरच्या माणसांच्या रांगेत, बाकाच्या अगदी मागेच बसलेली मी ओरडले, “सोड! सोड त्याला!” भावाने दोन्ही हातांनी कोट धरला आणि त्याला खुर्चीत आणून बसवलं. नेमबाज जिंकला.

संध्याकाळी मी भावाच्या घरी जाऊन भांडले. “हात दुखत होता म्हणायचं. घाम आला होता म्हणायचं. कुणी फाशी दिली नसती तुला!”

“ताई, हात आपोआप जातो.”

“आपोआप! उद्या तुझी नोकरीही आपोआप जाईल.”

“अगं, तो चांगला कोच आहे.”

“मग आरती ओवाळ त्याची!” मी चपला घातल्या आणि निघाले. भावजयीने जिन्यात गाठून हळूच सांगितलं, “ताई, आणखी बोला. माझं बोलून झालंय.”

आकडेवाल्यांच्या सामन्यात भावाचा हात दोन तास बेकार होता. गृहस्थ जागचे हललेच नाहीत. संघ हरत होता आणि ते बोटाने टॅबलेट पुसत होते. हरल्यावर ते मालकांना म्हणाले, आकड्यांप्रमाणे आपणच जिंकायला हवं होतं. मालकांनी मान डोलावली, पण झोपून बघितलेली गादी टोचल्यासारखा चेहरा केला.

तिसऱ्या रविवारसाठी मी भावाला नवा कोट शिवला. गडद निळा, अंगाबरोबर बसणारा. पाठीची चीर साध्या टाक्यांवर भागवली. म्हटलं, याला कोण ओढणार आहे! शेजारच्या खुर्चीत फिजिओला बसवलं होतं. बिचाऱ्याला गुडघे आणि घोटे यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं.

सामना छान सुरू झाला. पोरं जीव तोडून खेळत होती. पहिला टाइमआउट झाला. टाइमआउटमध्ये खेळाडू बाकावर बसतात, साहाय्यक त्यांच्यासमोर छोटं स्टूल ठेवतो, साहेब त्यावर बसतात आणि फळ्यावर पुढची चाल काढून दाखवतात. माझा भाऊ लगबगीने उठला, स्टूल मांडलं, फळा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन पुढे करून बाजूला अदबीने उभा राहिला.

स्टूल रिकामं.

खेळाडू त्याच्याकडे बघतायत, तो स्टुलाकडे बघतोय. एवढा मोठा मिनिटभराचा टाइमआउट, आणि साहेब येण्याची वाट पाहत सगळे थांबलेले. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू सगळ्या स्टेडियमभर पसरलं. माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. मेल्या, बस की! तूच आहेस साहेब! शेवटी संघाचा कप्तान उठला. सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याने भावाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्याला स्टुलावर दाबून बसवलं. “बोला, कोच,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी हा शब्द पहिल्यांदाच कुणीतरी वापरला असेल. भावाने चाल काढली. घाईघाईत बाणांच्या अळ्या झाल्या. पण पोरांना कळलं, कारण त्यांना ती त्यानेच शिकवली होती.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत. लंबू चेंडू घेऊन उसळला, समोरच्याने त्याला चक्क कोपर मारलं, आणि पंचांनी फाउल दिला तो लंबूवरच! मी उठेपर्यंत माझा भाऊ उठला होता. नाकासमोर चालणारा, तोंडातून ब्र न काढणारा माझा भाऊ रेषा ओलांडून पंचांसमोर उभा राहिला आणि ओरडला. काय ओरडला ते लिहिण्यासारखं नाही. चार साहेबांच्या वाटचं, बाकावरच्या सगळ्या वर्षांचं आणि बहुतेक लहानपणी माझ्याशी न केलेल्या भांडणांचंसुद्धा तो एकदमच ओरडला. टेक्निकल फाउल. तरी थांबेना. दुसरा मिळाला असता तर बाहेर. फिजिओ नुसता आ वासून बघतोय.

मग मीच कठडा ओलांडून धावले आणि हाताला लागलं ते धरून ओढलं. टर्रकन आवाज झाला. कोट थेट कॉलरपर्यंत उसवला. माझ्याच हाताचे टाके! मागे बघून तो म्हणाला, “सोड, ताई!” आणि दोघंही हसत सुटलो, सगळ्यांसमोर, वेड्यासारखे.

त्या फुकटच्या फ्री थ्रोने आम्ही एका गुणाने हरलो.

दोन दिवसांनी मालक स्वतः माझ्या दुकानात आले. भाऊ तिथेच उसवलेल्या कोटाचं माप पुन्हा द्यायला उभा होता. मालक म्हणाले, “नेमबाजाला घेतलंय. पण त्याची एक अट आहे. ब्रेक नसेल तर मी येणार नाही, म्हणतो. पगारही वाढवून देतो. लाग कामाला.”

मला हायसं वाटलं. नोकरी वाचली, मुलींची कॉलेजं वाचली. आणि आमचं ध्यान म्हणतं काय, “नाही जमायचं, मालक.”

टाचण्या तोंडात होत्या म्हणून, नाहीतर मी किंचाळलेच असते.

“रविवारी ओरडलो ना,” तो मालकांना म्हणाला, “फार बरं वाटलं. आता दुसऱ्याचा कोट धरायला हात जायचा नाही. जबरदस्तीने धरला तर नेमबाजाचंच नुकसान. सकाळी मी उशीवाल्यांना फोन केला. ते मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतायत मला.”

उशीवाले म्हणजे मालकांचे धंद्यातले प्रतिस्पर्धी. त्यांचाही एक पगारी संघ आहे. खालच्या गटात, आणि त्या गटातही सर्वांत खाली. पगार निम्मा. मालकांनी हात पुढे केला, त्याचा हात हातात घेतला आणि निघून गेले.

मी टाचण्या काढल्या आणि तोंड सोडलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायचं वय आहे का हे? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणजे मग रडत येशील माझ्याकडे! बायकोला तरी विचारलंस का? त्याने फोनच लावून माझ्या हातात दिला. भावजय म्हणाली, “ताई, रविवारपासून हा माणूस घरात गातोय. बेसूर गातोय, पण गातोय. मी दवाखान्यातल्या नोकरीत जास्तीची पाळी घेतलीय. होईल सगळं.” रडू आलं मला. दुकानात गिऱ्हाईक असताना रडू आलं.

उशीवाल्यांचा पहिला सामना दूरच्या शहरात होता. मला दुकान सोडता आलं नाही. संध्याकाळी फोनची वाट पाहत मी एकच बटण तीनदा उलटं लावलं. इतकी वर्षं प्रत्येक सामन्यानंतर त्याचा फोन यायचा, आणि तो ‘साहेब जिंकले’ किंवा ‘साहेब हरले’ एवढंच सांगायचा. आपलं त्यात काही आहे असं त्याच्या बोलण्यात कधीच आलं नाही.

फोन वाजला. मागे पोरांचा गलका होता, आणि भावाचा घसा पार बसलेला.

“ताई,” तो म्हणाला, “मी हरलो!”

लग्न ठरल्याचं सांगतानाही तो इतक्या आनंदाने बोलला नव्हता.

“किती गुणांनी रे?”

“ते नको विचारूस.”