शेफिका बुला आणि अरबाची बायको

झेनित्सा शहराच्या वरच्या डोंगरातल्या एका गावात कुणी वारलं की पहिला निरोप शेफिकाकडे जाई; ती गावची बुला, म्हणजे बायकांना धर्म शिकवणारी. मयताच्या घरी बायका जमून जप करायच्या, त्याला तेव्हिद म्हणत. तो चालवायचा मान सासूमागून शेफिकाकडे आला होता आणि तिने तो कधी कुणाला शिवू दिला नव्हता.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी अरब देशांतून लढायला आलेले स्वयंसेवक गावाबाहेरच्या शाळेत उतरले. त्यांच्यातल्या अबू दुजानाने आल्मिराशी निकाह लावला. आल्मिरा म्हणजे शेफिकाची सगळ्यांत गोड गळ्याची शिष्या. लवकरच तीच बायकांना शिकवू लागली, की तेव्हिद ही मागाहून घुसडलेली रूढी आहे, खऱ्या धर्मात ती नाही. तिच्या शिकवणीला गेलं की स्वयंसेवकांकडून पीठ मिळे. शेफिकाचं घर ओस पडलं.

"पिठासाठी जातात गं वहिनी," नणंद झेयना म्हणाली.

"जाऊ देत. पण शेजारची मुनिरा तिच्या आवाजाचं कौतुक करत होती. तो आवाज तयार कुणी केला?"

"अल्लाने."

"तू गप्प बस आणि कॉफी ओत." कॉफी कसली, भाजलेल्या जवाचं पाणी.

आल्मिरा रस्त्याने जाताना दिसली की शेफिका पडदा ओढून घेई आणि फटीतून बघत राही.

पानगळ सुरू झाली आणि टेकडीवरच्या लढाईत अबू दुजाना मारला गेला. सोबत्यांनी त्याला घाईघाईने पुरलं. ना दगड, ना जप. दुसऱ्या दिवशी आल्मिरा मागच्या दाराने आली.

"बुला, त्यांच्यासाठी तेव्हिद करा."

"रूढी आहे ना ती?"

"ते त्यांचं म्हणणं होतं."

"मग त्यांच्यासाठीच कशाला?"

"माझ्यासाठी करा. मला त्या घरात बसवत नाही."

"वहिनी, पोर दारात ताटकळलीय," झेयना पुटपुटली.

शेफिकाला कीव आली, पण मनातला काटा निघाला नाही. "करीन. तुझ्याच घरी, दार सताड उघडं ठेवून. गावाला बघू दे."

नवऱ्याच्या सोबत्यांच्या भीतीने आल्मिराचा चेहरा उतरला, तरी तिने मान डोलावली.

तेव्हिदच्या दिवशी आल्मिराच्या उंबऱ्याशी पायताणांचा ढीग लागला. शेफिकाचा नवरा खंदकात मेला तेव्हा यातल्या निम्म्याही आल्या नव्हत्या. जप रंगला तशी मुनिरा म्हणाली, "पोरीलाही थोडं म्हणू द्या ना, बुला." आल्मिरा म्हणाली आणि सगळ्या हमसून हमसून रडल्या. म्हणजे या आपल्यासाठी परत आल्याच नव्हत्या, हे शेफिकाला उमजलं.

शेवटी दुवा मागायची वेळ आली. पुण्य कुणाला पोचवायचं, ते नाव घेऊन सांगायची रीत होती.

"अबू दुजाना हे लढाईतलं नाव. आईबापांनी ठेवलेलं सांग," शेफिका म्हणाली.

आल्मिरा म्हणाली, "मला... माहीत नाही. ते खरं नाव कुणालाच सांगत नसत. मलाही सांगितलं नाही."

शेफिकाला आपल्या नवऱ्याच्या चार पिढ्या तोंडपाठ होत्या, आणि हिला नवऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं! 'नाव नाही तर दुवा कसली' म्हणून ती उठली असती, तरी कुणी ब्र काढला नसता. वर उद्यापासून आल्मिराच्या शिकवणीला कुणी फिरकलंही नसतं. तिने उघड्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

मग तिने हात वर केले. "या अल्ला, हे पुण्य आमच्या आल्मिराच्या नवऱ्याला पोचू दे."

"आमिन!" सगळ्या एका आवाजात म्हणाल्या. आपल्या नवऱ्याच्या वेळी हा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता, तेही शेफिकाने मनात टिपून ठेवलं.